पहिला अल्बम: असाच खरखरीत सोडू की स्टुडिओत जाऊन पुन्हा करू?

काळी_पिवळी, नागपूर

भाऊ लोक, आमच्या बँडमध्ये बऱ्याच दिवसांपासून एकच भांडण सुरू आहे. आता ते सकाळच्या तर्री पोह्याच्या ठेल्यावरही सोबत येऊन राहिलं, म्हणून इथे टाकतो. लांब आहे, चालवून घ्या.

आम्ही चौघं. गिटारवाला म्हणते आपण मेटल, मी म्हणतो हार्डकोर, गाणारा म्हणते आधी पैशाचं बोला. मी ड्रमर. दिवसा हिंगणा एमआयडीसीत एका कारखान्यात क्वालिटीला, रात्री महालात बेसवाल्याच्या आजीच्या घरी, वरच्या खोलीत. आजीला कमी ऐकू येते. आमच्या बँडची तीच सगळ्यात मोठी मालमत्ता.

अल्बम पहिलाच. आठ गाणी, २१ मिनिटं, सगळं मराठीत. एक गाणं कोराडीच्या वीज केंद्राच्या राखेवर आहे. एक एम्प्रेस मिलच्या भोंग्यावर. माझा आजा त्या मिलमध्ये होता, आता तिथे मॉल आहे आणि मी तिथून जीन्स घेतो. शेवटचं गाणं मारबतीवर. विदर्भाबाहेरच्यांसाठी सांगतो: पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी महाल-इतवारीतून काळी आणि पिवळी अशा दोन मारबती, म्हणजे मोठे पुतळे, निघतात, सोबत बडग्यांचे पुतळे. बडग्यांवर त्या वर्षीचा सगळा राग काढलेला असते, महागाईपासून पुढाऱ्यांपर्यंत. मिरवणूक झाली की नेऊन जाळतात. 'ईडा पीडा घेऊन जा गे मारबत' ही आरोळी ज्यानं लहानपणी बापाच्या खांद्यावर बसून ऐकली, त्याला हार्डकोर वेगळं शिकवावं लागत नाही.

रेकॉर्डिंग नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या नऊ कडक दिवसांत केलं. हौस नव्हती, चौघांच्या सुट्ट्या तेव्हाच जमल्या. भिंतींना आजीच्या गाद्या आणि रजया लावल्या. कूलर सुरू ठेवला तर त्याची घरघर ड्रमवर टांगलेल्या ओव्हरहेड माइकमध्ये येते, बंद केला तर गाणं संपेपर्यंत गिटार सुरातून उतरते. म्हणून टेक घेताना बंद, टेक झाला की सुरू. घामानं हातातली स्टिक निसटते. राखेच्या गाण्यात ती निसटून आधी स्टँडवर, मग फरशीवर पडते, मी दुसरी उचलेपर्यंत चार ठोके एकाच हाताचे आहेत, आणि हे सगळं स्वच्छ ऐकू येते. तेवढं ठेवायचं यावर मात्र चौघांचं एकमत आहे.

आठ चॅनलचा इंटरफेस, म्हणजे एका वेळी आठ आवाज कॉम्प्युटरात घेणारा डबा. किकला (पायानं वाजवायचा मोठा ड्रम) एक माइक, स्नेअरला (समोरचा छोटा ड्रम) वरून एक आणि खालून एक, डोक्यावर दोन ओव्हरहेड. गिटारचा अँप जिन्यात ठेवून दार लोटलं, त्याला एसएम ५७ माइक. बेस माइकशिवाय, डीआय डब्यातून तारेनं सरळ. गाणारा त्याच खोलीत, त्याच वेळी, हातात एसएम ५८, माइकचं डोकं मुठीत आवळून. झाले आठ. क्लिक ट्रॅक, म्हणजे कानात ठेका धरणारी टिकटिक, लावला नाही. मी क्वालिटीवाला, म्हणून मोजून पाहिलं: पाचवं गाणं १९० बीपीएमला (मिनिटाला ठोके) सुरू होते आणि २०५ ला संपते.

आता भांडण. गिटारवाल्याचं म्हणणं, "हे असं टाकशील तर लोकं हसतील बे. टिनावर गारा पडल्यासारखं वाजून राहिलं." त्याला पुण्याच्या स्टुडिओत जायचं आहे, क्लिकवर वाजवायचं, ड्रमला सॅम्पल (आधीच रेकॉर्ड केलेले फटके) लावायचे, गिटार चार थरांत घ्यायची. पैसे तसे आहेत, पण ते तिथे गेले की टी-शर्ट नाही, कॅसेट नाही, मुंबईची गाडी नाही.

माझं म्हणणं वेगळं. मी ज्या रेकॉर्डमुळे ड्रमला बसलो ती 'स्कम'. नेपाम डेथचा पहिला अल्बम, १९८७. पहिली बाजू ऑगस्ट १९८६ मध्ये बर्मिंगहॅमच्या रिच बिच स्टुडिओत झाली, दुसरी मे १९८७ मध्ये, आणि मधल्या काळात अख्खा बँडच बदलला. पहिल्या बाजूवरचा जस्टिन ब्रॉड्रिक गेला, दुसऱ्या बाजूवर बिल स्टीअर आणि ली डोरियन आले. दोन्ही बाजूंवर असलेला माणूस एकच, ड्रमर मिक हॅरिस. (ड्रमरची कदर कुठेतरी झाली.) अठ्ठावीस गाणी ३३ मिनिटांत, त्यातलं सव्वा सेकंदाचं एक गिनीजमध्ये गेलं. गिटार म्हणजे नुसता गाळ आहे, गाणारा काय म्हणते ते छापलेलं वाचल्याशिवाय कळत नाही, तरी दोन बाजूंचे दोन बँड वेगळे ओळखू येतात. हे स्वच्छ करून मिळालं नसतं असं मला वाटते.

पण एक गोष्ट मला टोचते. तिथे ड्रम कानफटात बसतात. आमच्या रेकॉर्डिंगमध्ये मी मारलेली किक मलाच ऐकू येत नाही. पाय दुखेपर्यंत दोन्ही पायांनी डबल पेडल मारलं, आणि ऐकताना वाटते मी बसलोच नव्हतो.

तर प्रश्न हा: खरखर कुठपर्यंत आपली म्हणायची आणि कुठून पुढे ती नुसती खराब रेकॉर्डिंग असते? राखेचं आणि मारबतीचं, अशी दोन गाणी ऐकायला टाकली आहेत. शिव्या चालतील, फक्त "मस्त आहे भाऊ" नको.

फेडर_खाली, पुणे

दोन्ही गाणी आधी हेडफोनवर ऐकली, मग मोनोत, म्हणजे डावं-उजवं एकत्र करून. मोनोत तुमची किक जवळजवळ गायब होते आणि स्नेअरचं अंग निघून जातं, नुसती चटचट उरते. याचा खोलीशी, गाद्यांशी, आजींशी काही संबंध नाही. ही पोलॅरिटीची भानगड आहे.

स्नेअरवर काठी पडली की वरचं हेड (कातडं) खाली जातं. म्हणजे वरच्या माइकपासून लांब, खालच्या माइककडे. एकच फटका दोन माइकांत उलटा-सुलटा नोंदला जातो आणि दोन्ही एकत्र केले की खालच्या फ्रीक्वेन्सी एकमेकींना खाऊन टाकतात. खालच्या स्नेअरच्या चॅनलवर गोलावर तिरपी रेघ असलेलं बटण असेल, ते दाबा. मग फक्त किक आणि दोन ओव्हरहेड वाजवा आणि किकच्या चॅनलवर तेच बटण दाबून-सोडून ऐका. ज्या बाजूला आवाज जाड येईल ती बाजू बरोबर. वेव्हफॉर्मकडे बघत बसू नका, डोळे मिटून ऐका.

दुसरं, ओव्हरहेड. हवेतून एक मीटर जायला आवाजाला साधारण ३ मिलिसेकंद लागतात. (नवतप्यात जरा कमी, पण त्यानं तुमचं काही अडत नाही.) एक ओव्हरहेड स्नेअरपासून ८० सेंटिमीटरवर आणि दुसरा सव्वा मीटरवर असेल तर प्रत्येक फटका दीडेक मिलिसेकंदाच्या फरकानं दोनदा येतो. तुमचा उजवा ओव्हरहेड नक्की लांब आहे. आता तो ट्रॅक तेवढा आधी येईल असा सरकवा. पुढच्या वेळी साधी सुतळी घ्या, एक टोक स्नेअरच्या मध्यावर धरा आणि दोन्ही माइक त्याच लांबीवर लावा.

तिसरं, तुमचा गायक. एसएम ५८च्या गोल जाळीच्या मागच्या भागातून बाजूचा आणि मागचा आवाज आत जातो, त्यातूनच तो माइक समोरचं कोणतं आणि मागचं कोणतं हे वेगळं करतो. मुठीत आवळला की ती वाट बंद होते आणि माइक चारी बाजूंचं ऐकायला लागतो. त्यामुळे गायकाच्या चॅनलवर निम्मे तुमचे सिंबल आहेत. हे वाईटच आहे असं मी म्हणणार नाही. तुमच्याकडे वेगळा रूम माइक नव्हता, तो फुकटात मिळाला. फक्त गाण्याचा आवाज वर नेला की सिंबलही वर येणार हे धरून मिक्स करा. आधी गायकाचा फेडर (आवाजाची सरकपट्टी) लावा, मग ओव्हरहेड त्याच्या हिशेबानं खाली घ्या.

आणि मित्राला सांगा, "हेच ड्रम ग्रिडवर, म्हणजे क्लिकच्या नेमक्या ठोक्यांवर, बसवू" हा मधला मार्ग नाही. तुम्ही एका खोलीत एकत्र वाजवलंय, ड्रम सगळ्या माइकांत आहेत. एका चॅनलवरची किक सरकवली तर बाकीच्या चॅनलवरची जुनी किक तिथेच राहणार. एकतर आहे ते ठेवा, नाहीतर पूर्ण नवं वाजवा.

पण हे बटण दाबायच्या आधी निर्णय घेऊ नका. आत्ता तुम्ही तुमचं वाजवणं ऐकतच नाही आहात.

डाउनट्यून, डोंबिवली

मी उलट बोलतो. ही 'रॉ'ची, म्हणजे कच्च्या आवाजाची, पूजा आता बास झाली. ब्राझीलच्या सेपुल्तुराचा 'मॉर्बिड व्हिजन्स' घ्या, १९८६. गिटार सुरात नाही हे कोणालाही कळतं. २०२३ मध्ये मॅक्स आणि इगोर कव्हालेरा या दोघा भावांनी तो अल्बम पहिल्यापासून पुन्हा रेकॉर्ड केला. म्हणजे ज्यांचा होता त्यांनाच तो पुन्हा करावासा वाटला. तुमच्याकडे पैसे आहेत, मग कशाला? पुण्याला जा. पहिला अल्बम एकदाच निघतो.

बाय द वे, मिलचं गाणं कुठाय? त्याच्यासाठी लिंक उघडली होती.

बर्डीवाला, नागपूर

डोंबिवलीकर, सदतीस वर्षांनी केला हो पुन्हा. १९८६ साली ती सोळा-सतरा वर्षांची पोरं होती, बेलो होरिझॉन्टेत राहत होती, आणि ट्यूनर नाही म्हणून थांबली असती तर २०२३ मध्ये पुन्हा करायला काही उरलंच नसतं.

मी पन्नाशीचा आहे. बर्डीवर (सीताबर्डी बाजारात) कोणी एकानं कॅसेट विकत घ्यायची आणि बाकीच्यांनी उतरवून घ्यायची, या पिढीतला. उतरवलेल्याची उतरवलेली माझ्याकडे यायची, त्यामुळे मला बरेच अल्बम मुळात किती खरखरीत आहेत हे सीडी आल्यावर कळलं. काही कंपनीनं स्वच्छ बनवलेले होते, ते आमच्या टेपनं रॉ केले. काही मुळातच तसे होते. दोन्हींतले जे टिकले ते का टिकले यावर मी बरंच डोकं खाजवलं आहे, म्हणून लिहितो.

खरखरीत अल्बम म्हटला की लोकांना वाटते पोरं गेली, वाजवलं, आली. ब्लॅक सॅबथच्या पहिल्याचं तसंच आहे, १९६९ च्या ऑक्टोबरात एका दिवसात वाजवून मोकळे. व्हेनमचा 'वेलकम टू हेल', १९८१, तीन दिवसांत झाला, बँडला वाटत होतं आपण डेमो करतो आहोत. पण स्लेयरचा 'शो नो मर्सी' घ्या, १९८३. टॉम अराया तेव्हा रेस्पिरेटरी थेरपिस्टची नोकरी करायचा. त्याची बचत आणि केरी किंगच्या वडिलांकडचे उसने पैसे, एवढ्यात केला. ऐकायला किती पातळ लागते! आणि त्यात डेव्ह लोम्बार्डोकडून ड्रम वाजवून घेतले ते सिंबलशिवाय. सिंबल नंतर वेगळे वाजवून घेतले, आवाज एकमेकांत मिसळू नयेत म्हणून. ज्याला आपण कच्चं म्हणतो त्या रेकॉर्डवर माणूस सिंबल न मारता, मारल्याचा हिशेब ठेवत वाजवून राहिला आहे. ड्रमर आहेस, एकदा स्वतः करून पाहजो. हात आपोआप क्रॅशकडे जातो, त्याला आवरता आवरता ठेका सुटतो.

तुझ्या स्कमचंही तेच. त्यांनी स्टुडिओत जायच्या आधी ती गाणी तोंडपाठ केलेली होती. गाळ गिटारच्या आवाजात आहे, वाजवण्यात नाही. सगळे एकत्र थांबतात, एकत्र सुटतात.

उलटं उदाहरणही आहे. कारकसचा 'रीक ऑफ प्युट्रिफॅक्शन', १९८८. तुझ्या स्कमच्या दुसऱ्या बाजूचाच बिल स्टीअर, स्टुडिओही तोच. आवाज असा बिघडला की बँड स्वतःच त्यावर नाराज होता. तरी बीबीसी रेडिओवरच्या जॉन पीलनं तो उचलून धरला. माझ्या मते तिथे नशीब होतं, आणि त्या बँडचा विषयच असा सडका होता की बिघडलेला आवाज शोभून गेला. तुझा विषय राख आणि मिल. तिथे तो शोभेल का, ते तू पाहा.

आता तुमची गाणी. राखेचं झकास. स्टिक पडते तिथे मी मोठ्यानं हसलो, बायको आतून पाहायला आली. वेग वाढतो त्याची चिंता सोडा, तिथे वाढतो तो गाणाऱ्याच्या मागे लागून, चौघांचा सोबत वाढतो. एकट्या ड्रमरचा वाढला असता तर म्हटलं असतं क्लिक लाव. मारबतीचं मात्र मधे बसते. तो संथ भाग दोनदा आहे, दुसऱ्यांदा काहीच नवीन होत नाही, नुसतं वाट पाहायला लावते. तिथे कात्री चालवा. पुण्याला गेला असता तर हाच लांबलेला भाग स्वच्छ आवाजात लांबला असता.

एक जुनी गोष्ट, जाता जाता. मुंबईला रंगभवनात इंडिपेंडन्स रॉकचा महोत्सव व्हायचा तेव्हा आम्ही विदर्भ एक्सप्रेसनं जनरल डब्यात जायचो. तिथल्या साउंडवर अर्ध्या बँडांची गिटार ऐकूच यायची नाही. कोण लक्षात राहिलं ते आवाजावरून ठरलं नाही. आजही दोन बँडांच्या थांब्यांच्या जागा मला पाठ आहेत, गाण्यांची नावं नाहीत.

काळी_पिवळी

फेडरभाऊ, तुमचं वाचून रात्रीच महालात गेलो. खालच्या स्नेअरचं बटण दाबलं, मग किकचं. गिटारवाला समोर चहा पीत बसला होता. त्यानं कप खाली ठेवला आणि म्हणाला, "हे कुठं होतं इतके दिवस?" बस, एवढंच म्हणाला. पण त्याच्या तोंडून तेवढं म्हणजे खूप आहे.

उजवा ओव्हरहेड सरकवला. स्नेअर आता एका जागी उभी राहते, आधी डाव्या-उजव्या कानात हलायची. आणि किक आल्यावर एक वाईट गोष्टही ऐकू आली: तिसऱ्या गाण्यात माझा डावा पाय उजव्यापेक्षा हलका पडते. ते आधी कोणाला कळत नव्हतं. आता सगळ्यांना कळेल. ठेवतो, काय करता.

बर्डीवाले काका, संथ भाग मीच लिहिला आहे. कात्रीचं गाणाऱ्याला सांगितलं तर तो एवढा खूश झाला की मला थोडा राग आला. पण फेडरभाऊ म्हणतात ड्रम सगळ्या माइकांत आहेत, मग मधला तुकडा काढता येईल का?

डोंबिवलीवाले भाऊ, मिलचं गाणं रविवारपर्यंत टाकतो. त्यात भोंगा कशानं काढावा यावर वेगळं भांडण आहे.

फेडर_खाली, पुणे

तुकडा काढता येतो, कारण तो सगळ्या चॅनलवरून एकाच ठिकाणी निघतो. आठही ट्रॅक ग्रुप करा आणि एकदम कापा. कापायची जागा सिंबलची शेपूट संपते तिथे नको, पुढचा फटका पडायच्या किंचित आधी घ्या, आणि १० मिलिसेकंदांचा क्रॉसफेड (एक आवाज उतरवत दुसरा चढवणं) द्या. जुनी शेपूट नव्या फटक्याखाली झाकली जाते. फक्त दोन्ही टोकांचा वेग जवळपास सारखा असायला हवा. तुमच्या बाबतीत आधी मोजून घ्या, ते तुम्ही करालच.

डावा पाय हलका आहे तर किकला थोडा कॉम्प्रेसर (मोठे आणि हलके फटके जवळ आणणारा) लावा, सॅम्पल नको. आणि शेवटी मास्टरिंगला, म्हणजे मिक्सवर शेवटचा हात फिरवायला, द्याल तेव्हा "सगळ्यात मोठ्ठं कर" असं सांगू नका. स्पॉटिफायसारख्या ठिकाणी सगळं साधारण उणे १४ एलयूएफएसच्या (ऐकू येणाऱ्या मोठेपणाचं माप) आसपास आणून वाजवतात. तुम्ही कितीही ठासून भरलंत तरी तिथे खाली येणार, आणि ठासताना गेलेले फटके परत मिळणार नाहीत.

घोगरा_सूर, अमरावती

मी गाते. म्हणजे ओरडते. त्यामुळे तुमच्या गाणाऱ्याबद्दल बोलायचा हक्क आहे असं धरते.

पोरगं भारी आहे. पण गळ्यानं ओरडून राहिलं, पोटानं नाही. मारबतीच्या गाण्यात शेवटी त्याचा आवाज फाटत नाही, बसत जातो, हे दोन्ही वेगळं असते. फाटलेला आवाज रेकॉर्डवर चांगला लागतो, बसलेला आवाज ऐकणाऱ्याला स्वतःच्या गळ्यात दुखते. कूलर बंद करून त्या उन्हाळ्यात गायला म्हणून मी त्याला माफ करते. स्टेजवर असंच केलं तर दोन वर्षांत स्वरतंतूंवर नोड्यूल (गाठी) होतील, मग डॉक्टर बोलायचंही बंद करून टाकतील. त्याला म्हणा गरम पाणी नको, नेहमीचं पाणी, घोट घोट, दिवसभर. गायच्या वेळी पिऊन काही होत नाही.

शब्द कळत नाहीत याची लाज वाटू देऊ नका, पण कॅसेटसोबत कागद द्या. राखेच्या गाण्यात काय लिहिलं आहे ते मला फक्त शेवटच्या दोन ओळींत कळलं आणि त्या ओळी इतक्या चांगल्या होत्या की बाकीच्या कळल्या नाहीत याचं वाईट वाटलं.

आता खरी तक्रार. 'ईडा पीडा'ची आरोळी. ती तुम्ही चौघांनी खोलीत उभं राहून मारली आहे आणि मग तिचे थर केले आहेत, बरोबर? चार माणसांचे सोळा थर केले तरी ते चार माणसंच लागतात, कारण चौघांच्याच श्वासाच्या जागा सोळा वेळा येतात. बाकी सगळा अल्बम एका खोलीतला खरा आवाज आहे आणि बरोबर हाच एक भाग बनवलेला आहे. जिथे गर्दी पाहिजे तिथेच गर्दी नाही. पोळा यायचाच आहे. तुमच्या घरासमोरून मारबत जाते, आणि तुम्ही गाद्या लावून खोलीत आरोळी कशाला मारून राहिले?

डाउनट्यून, डोंबिवली

ताईंचं पटलं. तेवढ्यासाठी थांबा. आणि किक आल्यावर राखेचं पुन्हा ऐकलं. पुण्याचं मागे घेत नाही, पण दुसऱ्या अल्बमला जा.

काळी_पिवळी

ताई, गाणाऱ्याला तुमचं वाचून दाखवलं. गरम पाण्याचा थर्मास त्यानं गुपचूप बॅगेत टाकला.

ठरलं ते असं. पुण्याला जात नाही. संथ भाग एकदाच. गिटारवाल्याची एक अट आहे: मिलच्या आणि मारबतीच्या गाण्यात त्याला दुसरी गिटार वरून वाजवायची आहे, कारण त्याचं म्हणणं किक आली तर आता गिटार बारीक वाटून राहिली. मी म्हटलं एकच थर, आणि अँप जिन्यातच. तो दोन म्हणाला. एकावर आला, पण चेहरा पडला.

आरोळी मारबतीच्या दिवशी घेतो. बेसवाल्याच्या मामाकडे हातात धरायचा रेकॉर्डर आहे. मी आजीच्या गच्चीवर उभा राहतो, बेसवाला खाली गर्दीत. प्रॉब्लेम एवढाच की मिरवणुकीत संदलचे ढोलवाले असतात, डीजे असते, आणि ज्या क्षणी पाहिजे त्या क्षणी आरोळी कोणाच्या आवाजाखाली दबेल सांगता येत नाही. फेडरभाऊ, लेव्हल काय ठेवू?

फेडर_खाली, पुणे

गच्चीवरचा रेकॉर्डर मुख्य धरू नका, तो रुंदीसाठी. खालचा महत्त्वाचा. ऑटो लेव्हल बंद करा, नाहीतर डीजे जवळ आला की तो सगळं खाली ओढेल आणि पुढची आरोळी त्यातच जाईल. २४ बिट वेव्ह, एमपी-३ नाही. एका ढोलासमोर उभं राहून गेन (आवाज आत घ्यायची पातळी) असा लावा की सगळ्यात मोठा फटका उणे १२ डीबीवर येईल, आणि मग हात लावू नका. कमी वाटलं तरी चालेल, २४ बिटमध्ये नंतर वाढवता येतं. क्लिप झालेलं, म्हणजे लेव्हलबाहेर जाऊन फाटलेलं, परत आणता येत नाही, आणि तुमच्या अल्बमवर तो एकच आवाज असा आहे जो तुम्हाला पुढच्या पोळ्यापर्यंत पुन्हा घेता येणार नाही.

डीजे गाडीची भीती असेल तर मारबत यायच्या बऱ्याच आधी गल्लीच्या तोंडाशी उभे राहा, लहान पोरांची टोळी पुढे ओरडत येते तिथे. पुण्यात बसून मला हे कसं माहीत? बायको वर्ध्याची आहे. वाऱ्यासाठी रेकॉर्डरवर फोम नसेल तर मोजा चढवा, जाड.